जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर लांबचा पल्ला: नवख्यांसाठी पायरीपायरीने

हा लेख रॉयल एनफिल्डच्या बुलेट ३५० या एकाच गाडीविषयी आहे, आणि तीही जुन्या घडणीची: बिडाचा सिलिंडर, चार गियर, उजव्या पायाखाली गियर आणि डाव्या पायाखाली मागचा ब्रेक. रेडिच येथील इंग्लिश कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी १९५५ मध्ये एनफिल्ड इंडियाची स्थापना केली, मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला ही गाडी बनू लागली, आणि तेच इंजिन किरकोळ फेरफारांसह २०१० च्या आसपासपर्यंत बनत राहिले. म्हणजे आज हाती येणारी अशी कोणतीही बुलेट बरीच जुनी असते, तिचे दोन-चार मालक होऊन गेलेले असतात आणि प्रत्येकाने तिच्यात आपापल्या समजुतीप्रमाणे काहीतरी केलेले असते. अशी गाडी घेऊन दुसऱ्याच आठवड्यात गोव्याला निघणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांपैकी काहींना टेम्पोत गाडी घालून परत येतानाही पाहिले आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी इंजिनाचा स्वभाव समजून घ्यावा. सिलिंडरचा व्यास ७० मिमी आणि पिस्टनचा प्रवास ९० मिमी, मिळून ३४६ सीसी. पिस्टनचा प्रवास लांब असल्यामुळे इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही ओढ चांगली मिळते आणि चौथ्या गियरमध्ये चाळीसच्या वेगानेही गाडी कुरकुर करीत नाही. पण त्याच कारणाने जास्त फेऱ्यांवर पिस्टनला फार पळावे लागते, आणि बिडाचा सिलिंडर ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णता सावकाश सोडतो. ताकद जेमतेम १८ अश्वशक्ती आणि गाडीचे वजन १६० किलोच्या पुढे. म्हणून तासाला ६० ते ६५ किलोमीटर हा या गाडीचा दिवसभराचा वेग धरावा आणि बाकीचे सगळे गणित, म्हणजे निघण्याची वेळ, मुक्कामाचे गाव, थांबे, त्यावरून मांडावे. नव्वदची चाल तिला येते, पण ती दहा मिनिटांची. तासभर तोच वेग ठेवला तर पिस्टन धरण्याची, म्हणजे तापून फुगून सिलिंडरमध्ये अडकण्याची, शक्यता असते.

कागदपत्रे

हे काम रटाळ आहे, म्हणून आधी उरकावे. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत, कारण जुन्या बुलेटींची इंजिने सर्रास बदललेली असतात. खासगी वाहनाची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते; त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट या तीन गोष्टी नसताना लांबच्या रस्त्याला लागू नये.

पहिला आठवडा: सगळी ऑइले बदलणे

आधीच्या मालकाने ऑइल नुकतेच बदलल्याचे सांगितले असले तरी आपण पुन्हा बदलावे. ते खोटे बोलतात असे नाही, पण खाली काढलेले ऑइल आपल्या डोळ्यांनी पाहणे हीच या गाडीची पहिली तपासणी असते. इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करावे, गाडी मेन स्टँडवर लावावी आणि इंजिनाच्या बुडाचे दोन्ही ड्रेन बोल्ट उघडावेत. दोन अशासाठी की या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी बाहेर नसून इंजिनाच्या पोटातच तिचा कप्पा आहे, आणि क्रँकखाली जमणारे ऑइल वेगळ्या जागी असते. फक्त एकच बोल्ट उघडला तर जुने ऑइल बऱ्याच प्रमाणात आतच राहते. निघालेले ऑइल पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात पाहावे. बारीक करडा गाळ चालेल. चकाकणारे धातूचे कण किंवा बोटाला लागणारे तुकडे दिसले तर प्रवासाचा बेत बाजूला ठेवून इंजिन उघडण्याचा विचार करावा.

नंतर फिल्टर बदलून २०डब्ल्यू५० दर्जाचे ऑइल भरावे. साधारण सव्वादोन लिटर लागते, पण लिटरच्या हिशेबापेक्षा ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेवर विश्वास ठेवावा. येथे नवख्यांची हमखास एक चूक होते. गाडी आठवडाभर उभी राहिली की कप्प्यातले ऑइल पंपातून झिरपून क्रँकखाली उतरते, पट्टी कोरडी दिसते, माणूस घाबरून अर्धा लिटर वर ओततो, आणि इंजिन चालू होताच ते जादा ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून, बाहेर फेकले जाते. म्हणून पातळी नेहमी पाच-सात मिनिटे इंजिन चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटांनी पाहावी. त्याच झिरपण्यामुळे बऱ्याच दिवसांनी चालू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. तो थोड्या वेळात थांबला तर काळजीचे कारण नाही.

क्लच आणि प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लच फिरवणारी चेन) ज्या डावीकडच्या आवरणात असतात तिथले ऑइल वेगळे असते आणि तेही बदलावे. आवरणावर पातळीचा एक स्क्रू आहे. तो काढून त्या छिद्रातून ऑइल येऊ लागेपर्यंतच भरावे. जास्त भरले की क्लच घसरतो. हे सगळे आवरण मधल्या एकाच नटावर बसते, आणि तिथून ऑइल गळू लागले की प्रत्येक जण तो नट आणखी आवळतो. मीही पहिल्या वर्षी आवळला होता, आणि आवरण किंचित वाकवून गळती दुप्पट करून घेतली होती. गळतीचा उपाय नवे रबरी सील आणि साफ बसवणूक हाच आहे. गियरबॉक्समध्ये मुळात पातळसर ग्रीस घालण्याची पद्धत होती, त्यामुळे त्याची सीले निव्वळ पातळ ऑइल अडवण्याच्या तयारीने बनलेली नाहीत. ग्रीस आणि ९० नंबरचे गियर ऑइल असे मिश्रण बहुतेक अनुभवी मिस्त्री वापरतात आणि ते ठीक चालते.

गळती इतर ठिकाणी असेल तर गॅस्केटे बदलण्याआधी ब्रीदरचे रबर पाहावे. क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारे आणि परत आत न घेणारे हे चोचीसारखे रबर कडक झाले किंवा फाटले की आतला दाब वाढतो आणि ऑइल जिथे फट सापडेल तिथून निघते. किरकोळ किमतीचा हा तुकडा न बदलता हजारोंचे गॅस्केटकाम करून घेतलेल्या गाड्या कमी नाहीत.

किक मारायला शिकणे

किक मारण्यात ताकदीपेक्षा क्रमाला महत्त्व आहे, आणि क्रम चुकला तर किक उलटी येऊन घोटा किंवा पोटरी दुखावते. म्हणून पायात बूट असल्याशिवाय किक मारू नये.

चावी चालू करावी आणि हेडलाइटच्या बोंडातल्या ॲमीटरवर, म्हणजे बॅटरीत येणारी-जाणारी वीज दाखवणाऱ्या काट्यावर, लक्ष ठेवावे. किक हळूहळू दाबत गेले की काटा कधी डिस्चार्जकडे जातो आणि कधी मध्यावर येतो. पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना कॉइलमधून वीज वाहते म्हणून तो डिस्चार्ज दाखवतो, पॉइंट उघडले की मध्यावर येतो. पायाला जोराचा अडथळा लागेल तिथे थांबावे, डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, खटका दाबावा, किक अगदी थोडी पुढे सरकवावी म्हणजे काटा मध्यावर येऊन पिस्टन सर्वांत वरच्या टोकाच्या किंचित पलीकडे जाईल, खटका सोडावा, किक वर येऊ द्यावी, आणि मग ॲक्सिलरेटरला हात न लावता एकच पूर्ण, सलग किक मारावी. थंड इंजिनाला चोक लावावा. गरम इंजिनाला लावू नये. सकाळी तीन किकमध्ये आणि गरम असताना एका किकमध्ये चालू होणारी गाडी निरोगी समजावी. दहा किक लागत असतील तर आपला पाय नव्हे, पुढच्या भागात सांगितलेल्या गोष्टी तपासाव्यात.

इंजिन बंद पडलेले असताना चावी चालू राहू देऊ नये. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबले असेल तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी उतरते.

पॉइंट आणि टॅपेट

ही दोन कामे स्वतः शिकल्याशिवाय लांबच्या प्रवासाला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हीला मिळून तासाभराचे काम आणि चार-पाच हत्यारे लागतात.

पॉइंट इंजिनाच्या उजव्या बाजूला, सिलिंडरच्या मागे उभ्या डब्यात असतात. झाकण काढून किक हळू फिरवत पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबावे आणि फिलर गेजने फट मोजावी, ती ०.३५ ते ०.४० मिमी असावी. पॉइंटच्या तोंडावर खड्डा किंवा उंचवटा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून, पेट्रोल लावलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. खड्डा खोल असेल तर जोडी बदलावी आणि सोबत कंडेन्सरही बदलावा, कारण पॉइंट लवकर जळण्याचे नेहमीचे कारण थकलेला कंडेन्सर हेच असते. फट वाढली की ठिणगी लवकर पडते, आणि फार लवकर पडली की किक उलटी मारते. चढावर इंजिनातून खडखड ऐकू येत असेल तर त्यामागेही बहुधा तेच असते. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचे अगदी एक बोट पुरते. पॉइंटवर ग्रीसचा थेंबही उडता कामा नये.

टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची ढील ठरवण्याचे, काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, करावे. प्लग काढून ठेवावा, गाडी मेन स्टँडवर लावून चौथा गियर टाकावा आणि मागचे चाक हाताने फिरवावे, म्हणजे इंजिन सावकाश फिरते. सिलिंडरच्या उजव्या बाजूचे छोटे झाकण उघडले की दोन पुशरॉड दिसतात. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवावा. हवा जोराने अंगठा ढकलील आणि थांबेल त्या जागी दोन्ही रॉड सैल असले पाहिजेत. आता प्रत्येक रॉड दोन बोटांत धरून फिरवावा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली मात्र हलता कामा नये. मोजायला गेज नको, बोटांची समज हवी, आणि ती तिसऱ्या-चौथ्या वेळी येते. लॉकनट आवळताना मांडणी पुन्हा बदलते, म्हणून आवळून झाल्यावर रॉड परत फिरवून पाहावा. सैल टॅपेट टकटक वाजतो आणि आपल्याला सावध करतो. घट्ट टॅपेट आवाज करीत नाही. तो व्हॉल्व्ह उघडा ठेवून गुपचूप जाळतो. म्हणून शंका असेल तर किंचित सैल ठेवावा.

पेट्रोलची वाट

कार्ब्युरेटर साधा आहे आणि तो बिघडण्याचे कारण बहुतेक वेळा कचरा हेच असते. टाकीच्या तळाला गंज धरलेला असतो, तो कॉकमधून (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतून) खाली येतो आणि मंद गतीचा बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे भोक, चोंदतो. गाडी चोक लावल्यावरच चालते आणि सोडल्यावर बंद पडते, ही त्याची खूण. कार्ब्युरेटरची वाटी काढून साफ करावी, जेटमधून हवेचा झोत मारावा, तार मात्र घालू नये, कारण तारेने भोक मोठे होते. कॉक आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये एक छोटा फिल्टर लावावा.

आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असते आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून लवकर गंजते. जुन्या रबराच्या नळ्या फुगतात आणि मऊ पडतात. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, त्या दरवर्षी दाबून पाहाव्यात, आणि गाडी महिनाभर वापरायची नसेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी.

मिश्रण बरोबर आहे की नाही ते प्लग सांगतो. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून काढलेल्या प्लगचे टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे असावे. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट टोक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापते आहे. आवाजासाठी मोकळा सायलेन्सर लावलेल्या गाड्यांत हे पांढरे टोक हमखास दिसते. शेजाऱ्यांचा आणि वाहतूक पोलिसांचा प्रश्न सोडला तरी, इंजिनाच्या प्रकृतीसाठीच मूळ सायलेन्सर परत लावावा.

चेन, चाके, ब्रेक

मागची चेन मध्यावर २५ ते ३० मिमी वर-खाली हलावी, आणि चाक फिरवून सर्वांत घट्ट जागी मोजावी. ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना गोगलगायीच्या आकाराचे खाचा असलेले कॅम असतात. दोन्हीकडे सारख्याच खाचा मोजून ठेवल्या तर चाक सरळ राहते. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला असावी. टायर पुढे-मागे ३.२५-१९ मापाचे असतात. हवा मी पुढे २० आणि मागे २८ ठेवतो, मागे माणूस व सामान असेल तेव्हा मागे ३२. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडेला बारीक भेगा असतील तर तो टायर म्हातारा झाला आहे. स्पोकांवर पाना वाजवत एक फेरी मारावी. बद्द आवाज देणारा स्पोक सैल असतो.

ड्रम ब्रेकचे लायनर चकचकीत झाले असतील तर खरखरीत पेपरने घासावेत. मात्र उत्तम स्थितीतही हे ब्रेक आजच्या डिस्क ब्रेकसारखे थांबवत नाहीत, आणि ही गोष्ट गाडी चालवताना सतत ध्यानात ठेवावी लागते.

चालवण्याची सवय

पहिला गियर वर, मग न्यूट्रल, आणि दुसरा, तिसरा, चौथा खाली. आणि हे सगळे उजव्या पायाने. आजपर्यंत इतर मोटारसायकली चालवलेल्या माणसाचा पाय संकटात जुन्या सवयीने उजवीकडे दाबतो आणि ब्रेकऐवजी गियर पडतो. त्यामुळे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गर्दी नसलेल्या रस्त्यावर, पहाटे, एकट्याने चालवावेत, आणि प्रत्येक थांब्यावर पुढचा व मागचा ब्रेक एकत्र दाबण्याची सवय लावून घ्यावी. दुसरी गाडीही घरात असेल तर पहिले काही आठवडे तिला हात न लावणे बरे, म्हणजे पायांचा गोंधळ होणार नाही. गियरबॉक्सवर टाचेने दाबायचा एक छोटा खटका आहे. क्लच दाबून तो दाबला की पहिला सोडून कोणत्याही गियरमधून गाडी थेट न्यूट्रलला येते. सिग्नलवर त्याचे मोल कळते.

निघण्यापूर्वीच्या फेऱ्या आणि सामान

एकदम दूर जाऊ नये. आधी पन्नास किलोमीटरची फेरी, मग दोनशेच्या आसपासची, आणि प्रत्येक फेरीनंतर सगळे नट-बोल्ट तपासणे, असा क्रम ठेवावा. एका सिलिंडरचे मोठे इंजिन थरथरते आणि थरथरीने काय सैल होते ते पहिल्या दोन फेऱ्यांत कळते: सायलेन्सरचा क्लॅम्प, मडगार्डचे बोल्ट, नंबरप्लेट, बॅटरीची पट्टी. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला जाऊन परत येणे ही दुसरी फेरी म्हणून उत्तम, कारण त्यात चढ, उतार, खराब रस्ता आणि ऊन सगळेच येते.

सोबत घ्यायच्या वस्तूंत क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल पहिल्या. नवी केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलशेजारीच ओढून टेपने बांधून ठेवली तर तुटल्यावर दहा मिनिटांत जोडता येते. त्यानंतर दोन प्लग, पॉइंटची जोडी, कंडेन्सर, फ्यूज, चेनलॉक, पुढची-मागची ट्यूब, अर्धा लिटर इंजिन ऑइल, थोडी तार, टेप आणि टॉर्च. इतक्या वर्षांत कोणी कोणत्या मापाचा नट लावला असेल सांगता येत नाही, म्हणून पेटीतला प्रत्येक पाना घरीच प्रत्यक्ष नटावर लावून पाहावा. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे. तिथे भाग घेताना जुना भाग हातात घेऊन जावे आणि शेजारी ठेवून मापे जुळवावीत. वायसर, सील आणि बेअरिंग यांत स्वस्ताईच्या मागे लागू नये.

प्रत्यक्ष पल्ला

उदाहरणासाठी पुणे ते सावंतवाडी घेऊ: सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली. साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर. नव्या गाडीवाले हे एका दिवसात सहज करतात. जुन्या बुलेटवर पहिल्यांदा जाणाऱ्याने कोल्हापूरला मुक्काम करावा. पहाटे साडेपाचला निघाले तर ऊन चढण्याआधी सातारा मागे पडतो, आणि बिडाच्या इंजिनाला सकाळची थंड हवा आपल्यापेक्षा जास्त मानवते. मुंबईहून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. खंडाळ्यातून जाणारा जुना रस्ताच घ्यावा लागतो, आणि या गाडीला शोभतोही तोच.

पहिले पाच किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नये, म्हणजे ऑइल गरम होऊन सगळीकडे पोहोचते. पुढे दर ६० ते ७० किलोमीटरला पंधरा मिनिटे थांबावे. चहा होईपर्यंत गाडीभोवती एक फेरी मारावी: खाली ऑइलचा नवा डाग, चेनचा ताण, मागच्या टायरची हवा, सायलेन्सरचे नट. महामार्गावर डाव्या लेनमध्ये, एकाच गतीने राहावे. मागून येणारे ट्रक पुढे जाऊ द्यावेत. त्यांना ओलांडण्यासाठी लागणारा जोर या गाडीत नाही, आणि तो आणायला गेले की इंजिन तापते. टाकी साडेचौदा लिटरची आहे आणि लिटरला तीसच्या आसपास किलोमीटर मिळतात, तरी अडीचशेच्या आत पेट्रोल भरावे, म्हणजे रिझर्व्हवर टाकीच्या तळचा गाळ ओढला जात नाही.

घाट चढताना इंजिन गुदमरू देऊ नये. चौथ्यात धडधड जड झाली की लगेच तिसरा घ्यावा. कमी गियरमध्ये थोड्या जास्त फेऱ्या बऱ्या, पण पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन रेटणे वाईट. ज्या गियरमध्ये घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरावा. आंबोली उतरताना न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणाऱ्याचे ड्रम अर्ध्या घाटातच तापतात आणि नेमके शेवटच्या वळणांवर ब्रेक पोकळ लागू लागतात. पावसात पाण्यातून गाडी काढल्यावर पुढचे शंभर मीटर दोन्ही ब्रेक हलके दाबून चालवावे, म्हणजे लायनर सुकतात.

चालता चालता गाडीची ओढ अचानक कमी झाली, आवाज आवळल्यासारखा झाला, तर त्याच क्षणी क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडावा आणि कडेला घ्यावे. पिस्टन धरू लागल्याची ही खूण आहे. क्लच न दाबल्यास मागचे चाक अडकू शकते. अर्धा-पाऊण तास गाडी आपोआप थंड होऊ द्यावी, सिलिंडरवर पाणी कदापि ओतू नये, ऑइलची पातळी पाहावी, आणि किक मोकळी फिरत असेल तरच हळू पुढे निघावे.

रस्त्यात बंद पडली तर

घाईने सगळे उघडू नये. आधी पेट्रोल आहे ना, कॉक उघडा आहे ना, हे पाहावे. मग चावी चालू करून किक हळू फिरवावी आणि ॲमीटर पाहावा. काटा मुळीच हलत नसेल तर वीज पॉइंटपर्यंत पोहोचत नाही किंवा पॉइंटच मळले आहेत: फ्यूज, बॅटरीची टोके, चावीचा स्विच, पॉइंट, या क्रमाने पाहावे. काटा एकाच जागी डिस्चार्जकडे खिळला असेल तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी तार चासीला टेकली आहे. काटा व्यवस्थित झुलत असूनही गाडी चालू होत नसेल तर प्लग काढून, टोपीत बसवून, सिलिंडर हेडला टेकवून किक मारावी. त्या वेळी पेट्रोल सांडलेले नसावे. निळी, कडक ठिणगी दिसली तर दोष पेट्रोलच्या वाटेत. पिवळट, मरगळलेली दिसली किंवा दिसलीच नाही तर प्लग बदलून पाहावा, मग कंडेन्सर.

एक दोष मात्र या क्रमात बसत नाही. आजऱ्याच्या अलीकडे माझी गाडी एकदा दर दहा-बारा किलोमीटरला बंद पडू लागली. पाच मिनिटे थांबले की पुन्हा चालू. ठिणगी उत्तम, जेट साफ. तिसऱ्यांदा थांबल्यावर टाकीचे झाकण उघडले तेव्हा आत हवा ओढली गेल्याचा फुस्स आवाज आला. आदल्या आठवड्यात मीच गाडी पॉलिश केली होती आणि झाकणाच्या हवेच्या छिद्रात पॉलिशचा लेप वाळला होता. सुईने छिद्र मोकळे केले आणि आंबोलीला अंधार पडायच्या आत पोहोचलो.

परत आल्यावर

गाडी गरम असतानाच धुऊ नये. दुसऱ्या दिवशी धुवावी, केबलींत ऑइलचे थेंब सोडावेत, चेन पुसून ९० नंबरचे ऑइल लावावे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी. एका वहीत किलोमीटर, ओतलेले ऑइल आणि लागलेले पेट्रोल लिहावे. हजार किलोमीटरला दोनशे मिलिलिटर ऑइल लागणारी गाडी पुढच्या फेरीत पाचशे घेऊ लागली तर पिस्टनच्या रिंगांचे काम जवळ आले, हे त्या वहीतूनच कळते. ऑइल मी दर दोन हजार किलोमीटरला बदलतो, फिल्टर एकाआड एक वेळी. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची झाल्यास टाकी काठोकाठ भरावी, कॉक बंद करावा, गाडी मेन स्टँडवर घ्यावी, बॅटरीची एक तार काढावी आणि आठवड्यातून एकदा, चावी बंद ठेवून, डिकॉम्प्रेशन दाबून किक दहा-बारा वेळा सावकाश फिरवावी.